‘सर्व्हर बंद आहे’ म्हणजे काय?

‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या काळीं पडली त्या काळीं या शहराचें वैभव व्यापारपेठेचें होतें. आज त्या पाळण्यांत सोन्याच्या जागीं पोलाद आहे. मोडीचें लोखंड वितळवून त्याच्या सळया करणाऱ्या कारखान्यांमुळें जालन्याचें नांव घरें बांधणाऱ्यांच्या तोंडीं दूरदूरपर्यंत असतें. या कारखान्यांतील विजेची भट्टी, जिला इंडक्शन फर्नेस म्हणतात, ती बंद कशी करावी लागते हें ज्यानें एकदां समजून घेतलें, त्याला प्रस्तुत विषय निम्मा समजलाच असें म्हणण्यास हरकत नाहीं. म्हणून प्रारंभ तेथूनच करणें सोयीचें.

भट्टीभोंवतीं तांब्याच्या पोकळ नळीचें वेटोळें असतें. नळीच्या धातूंतून वीज जाते आणि तिच्या पोकळींतून थंड पाणी सारखें वाहत असतें. आंत सुमारें १६०० अंश सेंटिग्रेड उष्णतेचा पोलादाचा रस, आणि अस्तराच्या पलीकडे हें पाणी! पाहणारास वाटेल कीं खटका ओढला, वीज तुटली, भट्टी बंद झाली. वस्तुतः खरा धोका तेथूनच सुरू होतो. वीज गेल्याबरोबर पाण्याचा पंपही थांबला, तर रसाची उष्णता अस्तरांतून बाहेर येऊन वेटोळ्याचा नाश करील. म्हणून पाण्याची एक टाकी उंचावर राखून ठेवतात, किंवा डिझेलवर चालणारा निराळा पंप ठेवतात. शिवाय आंतला रस वेळेवर ओतून घेतला नाहीं तर तो भट्टींतच गोठतो; मग तें पोलाद ना सळईचें ना भट्टीचें. सारांश, चालू करतांना आधीं पाणी, मग वीज; बंद करतांना आधीं वीज, आणि पाणी त्यानंतर कित्येक तासांनीं.

याच जिल्ह्यांत भोकरदन, मंठा, घनसावंगी अशा तालुक्याच्या गांवीं सरकारी दाखले देणारीं जीं सेवाकेंद्रें आहेत, तेथें दुसऱ्याच एका यंत्राविषयीं एक वाक्य वारंवार कानीं पडतें : ‘सर्व्हर बंद आहे.’ पूर्वीं सातबाराचा उतारा तलाठ्याच्या दप्तरांतून निघे. १ मे २०१८ पासून तो डिजिटल सहीनिशीं संगणकावरून मिळूं लागला; १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची पाहणी स्वतःच्या मोबाईलवरून नोंदवूं लागला. दप्तर गांवांतून उठून दूरच्या यंत्रांत जाऊन बसलें. सोय झाली हें निःसंशय. परंतु पीकविम्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस आहे, दिवसाची मजुरी बुडवून माणूस तालुक्याला आला आहे, आणि खिडकीमागचा मुलगा सांगतो कीं सर्व्हर बंद आहे. त्या वेळीं ‘मग चालू करा कीं!’ असें त्या माणसाच्या तोंडून निघाल्यास त्यांत गैर कांहींच नाहीं. प्रश्न रास्त आहे. घरांतला दिवा जसा लावतां येतो तसें हें यंत्र कां लावतां येत नाहीं?

सर्व्हर म्हणजे चाकरी करणारा संगणक. त्याच्यासमोर कोणी बसत नाहीं. बहुधा त्याला पडदाही नसतो. दुरून आलेल्या मागणीस उत्तर देणें एवढेंच त्याचें काम. पूर्वीं असा प्रत्येक सर्व्हर स्वतंत्र असे : त्याची विजेची वायर निराळी, पंखे निराळे, जाळ्याशीं जोडणारी दोरी निराळी. शंभर सर्व्हर म्हटले कीं मागच्या बाजूस वायरींचें जंगल माजे. २००१ सालीं अमेरिकेंतील आर.एल.एक्स. टेक्नॉलॉजीज नांवाच्या कंपनीनें निराळ्या घडणीचा सर्व्हर बाजारांत आणला. संगणकाचे आवश्यक तेवढेच अवयव एका चपट्या पट्टींत बसवावयाचे आणि अशा अनेक पट्ट्या एका पेटींत, कपाटांतील पुस्तकांप्रमाणें, उभ्या सरकवावयाच्या. या पट्टीला ब्लेड, म्हणजे पातें, हें नांव मिळालें. ती कंपनी २००५ सालीं ह्यूलेट-पॅकार्ड या मोठ्या कंपनीनें विकत घेतली. ह्यूलेट-पॅकार्डचीच सी-७००० नांवाची पेटी या जातीचा चांगला नमुना आहे. तिची उंची हातभरापेक्षां अधिक नाहीं. तींत अर्ध्या उंचीचीं १६ पातीं बसतात, आणि त्या सर्वांस मिळून ६ वीजपुरवठे व १० पंखे. चाळींतील बिऱ्हाडांची व्यवस्था अशीच असते : खोली ज्याची त्याची, नळ व जिना सर्वांचा. चाळींत राहिलेल्या वाचकास या व्यवस्थेचे गुण आणि तिच्यांतून निघणारीं भांडणें दोन्ही सांगावयास नकोत.

महाराष्ट्रांत या पात्यांचें नांव झालें तें पुण्यामुळें. टाटा सन्सच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेनें तेथें उभारलेला ‘एक’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या यादींत जगांत चौथा आणि आशियांत पहिला ठरला. तो ह्यूलेट-पॅकार्डच्या अशाच पात्यांचा होता. त्यांत गणना करणारे १४,३५२ गाभे होते. एका पात्यांत आठ गाभे या हिशेबानें १,७९४ पातीं झालीं, आणि एका पेटींत सोळा या हिशेबानें शंभरावर पेट्या. सरकारी पैशाची मदत न घेतां एका उद्योगसमूहानें एवढें यंत्र उभें करावें, ही त्या काळीं मोठीच नवलाई होती. असो. इतक्या पात्यांच्या संसारांत आज हें, उद्यां तें बंद करण्याची पाळी येणारच. तेव्हां बंद करण्याची रीत ही अशा ठिकाणीं नित्य लागणारी विद्या आहे.

आतां बटणाकडे वळूं. पहिल्या घरगुती संगणकांवरील बटण हें खरोखरीच विजेच्या मार्गांतलें बटण होतें. तें दाबलें कीं प्रवाह तुटे. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें संगणकाच्या घडणीचा एटीएक्स नांवाचा नवा नमुना प्रसिद्ध केला आणि १९९६ च्या अखेरीस इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनीं मिळून वीजव्यवस्थेचे नियम ठरविले. तेव्हांपासून संगणकावरील बटण प्रवाह तोडीत नाहीं. तें दारावरील घंटी झालें आहे. घंटी वाजली कीं आंतला कारभारी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, ती ऐकतो आणि पुढें काय करावयाचें तें ठरवितो.

पात्याच्या दर्शनी भागावरील बटणासही हाच नियम आहे. बोटानें दाबून लगेच सोडलें तर ती विनंती : ‘कामें आटोपा आणि निजा.’ तेंच बटण चारपांच सेकंद दाबून धरलें तर तो हुकूम : ‘असाल तसे थांबा.’ दोहोंतलें अंतर चार सेकंदांचें, परंतु परिणामांतलें अंतर केवढें आहे हें कळण्यासाठीं भट्टींतला रस आठवावा. संगणक ज्या माहितीवर काम करीत असतो ती डिस्कवर नसते, तर मेमरी नांवाच्या तात्पुरत्या स्मृतींत असते. ही स्मृति अत्यंत चपळ, पण विजेच्या आधारावांचून तिला क्षणभरही तग नाहीं. डिस्क मंद, परंतु वीज गेली तरी तिच्यावरचें अक्षर राहतें. म्हणजे स्मृतींतील माहिती हा रस आणि डिस्कवरील माहिती ही ओतून थंड झालेली सळई. विनंती केली तर कारभारी सगळा रस सांच्यांत ओतून मग दिवा मालवितो. हुकूम केला तर जो रस भट्टींत असेल तो गेला.

विनंतीनंतर आंत काय घडतें? कारभारी प्रथम चालू असलेल्या प्रत्येक कार्यक्रमास आवरतें घेण्याची सूचना देतो व कांहीं काळ वाट पाहतो. जो त्या अवधींत आवरणार नाहीं त्यास तो बळानें थांबवितो. मग स्मृतींत राहिलेलें लिखाण डिस्कवर उतरवितो, डिस्कचीं दप्तरें रीतसर मिटतो, आणि सर्वांत शेवटीं वीजपुरवठ्यास आपण होऊन सांगतो कीं आतां प्रवाह काढा. याला कधीं अर्धें मिनिट लागतें, कधीं दहा मिनिटें. त्या दहा मिनिटांत पात्यावरचा दिवा हिरवाच असतो. नवशिक्या माणसाचा धीर येथेंच सुटतो. यंत्र ऐकत नाहीं असें समजून तो बटण दाबून धरतो. वास्तविक त्या वेळीं यंत्र ऐकत असतें, इतकेंच नव्हे तर सांगितलेलें कामच करीत असतें. लांब दाब हा निषिद्ध आहे असें मात्र नव्हे. कारभारीच मूर्च्छित पडला असेल तर घंटी ऐकणार कोण? तेव्हां हुकुमावांचून गत्यंतर नसतें. फक्त तो निजला आहे कीं कामांत आहे याची आधीं खात्री करून घ्यावी.

जमिनीच्या नोंदीचें उदाहरण घेतलें म्हणजे यांतलें गांभीर्य स्पष्ट होईल. एक शेत विकलें गेलें. फेरफार मंजूर झाल्यावर सातबारावर विकणाराच्या नांवास कंस व्हावयाचा आणि घेणाराचें नांव चढावयाचें. हीं दोन लिखाणें आहेत. पहिलें झालें, आणि दुसरें होण्यापूर्वीं कोणीं पात्याचें बटण चार सेकंद दाबून धरलें तर? ती जमीन क्षणभर कोणाचीच राहिली नाहीं! असें घडूं नये म्हणून डेटाबेस, म्हणजे नोंदी सांभाळणारा कार्यक्रम, आपल्याकडील जुन्या पेढ्यांचीच युक्ति वापरतो. पेढीवर व्यवहार आधीं किर्दीत उतरतो, मग सवडीनें खतावणींत जातो. डेटाबेसही ‘अमुक दोन बदल करावयाचे आहेत’ अशी ओळ प्रथम डिस्कवरील किर्दीत लिहितो, आणि व्यवहार पुरा झाल्याची खूणही तेथेंच करतो. खतावणीचीं पानें स्मृतींत असतात. तीं मागाहून डिस्कवर जातात. अवचित वीज गेली तर पुन्हां जागें झाल्यावर डेटाबेस आधीं किर्द वाचतो. पुरेपणाची खूण असलेले व्यवहार खतावणींत घालतो, खूण नसलेले अर्धवट व्यवहार जणूं झालेच नाहींत असे पुसून टाकतो. शेत विकणाराकडे राहील किंवा घेणाराकडे जाईल, अधांतरीं लोंबणार नाहीं. शेंकडों वर्षें सावकारी पेढ्यांनीं पाळलेली ही शिस्त यंत्रांनाही पाळावी लागली, यांत मौज आहे. परंतु किर्द वाचावयास वेळ लागतो, आणि हुकुमानें बंद केलेल्या यंत्रास ती अधिक वाचावी लागते. बंद करतांना वांचविलेलीं दहा मिनिटें चालू करतांना कधींकधीं तासाच्या हिशेबानें परत द्यावीं लागतात तीं यामुळें.

बंद झालेलें पातें खरोखर बंद असतें काय? याचें उत्तर त्याच्यावरील दिव्यांत आहे. हिरवा दिवा म्हणजे पातें कामावर आहे. पिवळसर दिवा म्हणजे तें निजलें आहे, पण पेटींतली वीज त्याच्यापर्यंत पोंचलेली आहे. दिवाच नाहीं, तर वीजही नाहीं. निजलेल्या पात्यांतही एक चिमुकला स्वतंत्र संगणक अखंड जागा असतो. घर झोंपलें तरी गुरखा जागा असतो तसा. त्याच्याशीं जाळ्यावरून बोलतां येतें; म्हणूनच एका शहरांतील माणूस दुसऱ्या शहरांतील पातें घरबसल्या चालू करूं शकतो. या पहारेकऱ्याला विनंतीही करतां येते आणि हुकूमही. शिवाय त्याला आणखी दोन गोष्टी समजतात : वीज न तोडतां यंत्रास पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयास लावणें, आणि वीज तोडून क्षणभरानें परत देणें. या दोहोंमुळेंही हातांतलें काम जातें, हें विसरून चालत नाहीं.

आणि पातें अगदीं निर्वीज करावयाचें असेल तर? साध्या संगणकाची वायर उपटतां येते. पात्यास वायरच नाहीं. सगळी पेटी निर्वीज करावी तर शेजारचीं पंधरा पातीं उगाच मरतील. तेव्हां एकच मार्ग : आधीं विनंतीनें निजवावें, दिवा पिवळा झाला हें डोळ्यांनीं पाहावें, आणि मग पातें धरून पेटींतून बाहेर ओढावें. येथें एक मोठा अपघात टपलेला असतो. सोळाही पातीं दिसावयास जुळ्या भावंडांसारखीं. दूर बसलेला माणूस म्हणतो ‘सातवें काढा’, आणि समोर उभा असलेला आठवें काढतो! यावर उपाय म्हणून प्रत्येक पात्यावर एक निळा दिवा असतो. दुरून आज्ञा दिली कीं नेमक्या त्याच पात्यावर तो पेटतो. निळा दिवा पाहिल्यावांचून हात लावूं नये, हा नियम सोपा, आणि मोडावयास त्याहूनही सोपा. दुसरी गोष्ट, पातें काढल्यावर राहिलेल्या खांचेंत रिकामें झांकण बसवावें लागतें. पंख्यांचा वारा सर्वांचा मिळून आहे. वाट मोकळी दिसली कीं तो तेथूनच सुटतो आणि शेजारचीं पातीं तापूं लागतात. चाळींत एकाचा नळ वाहत राहिला तर वरच्या मजल्यावर पाणी चढत नाहीं, तसाच हा प्रकार.

येथवर एकट्या पात्याची हकीकत झाली. प्रत्यक्षांत सातबारासारखी सेवा एका पात्यावर उभी नसते. कांहीं पातीं लोकांस पानें दाखवितात, कांहीं अर्ज तपासतात, कांहींवर डेटाबेस असतो, आणि नोंदी ज्या डिस्कांवर राहतात त्यांचें कपाट पुष्कळदां निराळें. हा सगळा कारखाना बंद करावयाचा झाला म्हणजे भट्टीसारखाच क्रम पाळावा लागतो. प्रथम दाराशीं नवीन मागण्या घेणें थांबवावयाचें. मग पानें दाखविणारीं पातीं, मग अर्ज तपासणारीं, मग डेटाबेस, शेवटीं डिस्कांचें कपाट. चालू करतांना बरोबर उलट. हा क्रम चुकला, डिस्कांचें कपाट आधीं निजलें, तर डेटाबेसच्या हातांत लिहिलेली पाटी आणि समोर दप्तरच नाहीं अशी अवस्था होते. एकएक पातें विनंतीनें, अगदीं नियमानुसार बंद केलें असतांही क्रम चुकल्यानें नुकसान होऊं शकतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं.

वीज गेल्यावर हें सारें करावयास सवड कोठून मिळते? डेटा सेंटरांत, म्हणजे अशा यंत्रांच्या घरांत, बॅटऱ्यांचा सांठा असतो. तो यंत्रें दिवसभर चालविण्याकरितां नसतो. डिझेलचें जनित्र सुरू होऊन स्थिर होईपर्यंतचीं मिनिटें निभावून नेण्याकरितां असतो. जनित्र सुरू झालेंच नाहीं, तर त्याच मिनिटांत विनंतीनें आवरून घ्यावयाचें. भट्टीच्या उंच टाकींतलें पाणी आणि या बॅटऱ्या यांचें कार्य एकच.

चालू करणें हा बंद करण्याहून दीर्घ प्रकार आहे. पेटींत वीज आली कीं प्रथम तिचा स्वतःचा व्यवस्थापक जागा होतो. पात्यांतला पहारेकरी त्याच्याकडे परवानगी मागतो. आमच्या पात्यास इतकी वीज लागेल, मिळेल काय? व्यवस्थापक वीजपुरवठ्यांचा हिशेब पाहतो, आणि पुरेशी शिल्लक असेल तरच होकार देतो. नसेल तर बटण दाबूनही पातें उठत नाहीं. सोळाही पातीं एकाच क्षणीं उठलीं तर पुरवठ्यावर एकदम ताण पडेल, म्हणून तीं पाठोपाठ उठवितात. भारनियमन संपून वीज परत आल्याबरोबर सगळ्या शिवारांतले पंप एकदम सुरू झाले म्हणजे रोहित्राची काय गत होते, हें मराठवाड्यांतील शेतकऱ्यास चांगलें ठाऊक आहे. परवानगी मिळाल्यावर पातें आपली परीक्षा आपण घेतें : स्मृति शाबूत आहे काय, पंख्यांचा वारा लागतो आहे काय. स्मृति मोठी असेल तर या तपासणींतच कित्येक मिनिटें जातात. मग कारभारी उठतो, दप्तरें उघडतो; डेटाबेस किर्द वाचावयास बसतो; त्याचें झाल्यावर अर्ज तपासणारीं पातीं हजर होतात, आणि सर्वांच्या शेवटीं पानें दाखविणारीं. या सगळ्या वेळांत दिवे हिरवे असतात आणि तालुक्याच्या खिडकींत मात्र सर्व्हर बंदच असतो. दोन्हीही गोष्टी खऱ्या आहेत. खिडकीमागचा मुलगा खोटें बोलत नाहीं. फक्त ‘बंद आहे’ याऐवजीं ‘उठतो आहे’ असें त्यास सांगतां आलें असतें, तर समोरच्या माणसानें झाडाखालीं बसून वाट पाहावी कीं शेवटची एस.टी. गांठावी हें ठरविलें असतें. तेवढें कळविण्याची सोय या सेवा चालविणारांनीं करावयास हवी. ती अवघड नाहीं, आणि खर्चाची तर मुळींच नाहीं.

उठल्यावरही एक अडचण उरते. सकाळपासून खोळंबलेले हजारों लोक त्याच घटकेस दाराशीं धांवतात. सर्वांस एकदम आंत घेतलें तर नुकताच उठलेला डेटाबेस पुन्हां बसेल. म्हणून सावध व्यवस्थापक दार किलकिलें ठेवतो. कांहीं मागण्या आंत घेतो, कांहीं थोपवून धरतो, आणि पात्यांवरचा भार पाहून दार हळूहळू उघडतो. अशा वेळीं अंबडच्या केंद्रांत पान उघडलेलें असतें आणि परतूरच्या केंद्रांत पडद्यावर चक्र फिरत राहतें, त्याचें कारण बहुधा हेंच.